कापडी इलेक्ट्रोडचा छातीपट्टा: बायोइम्पीडन्सनं श्वास मोजण्याची पद्धत, पहिल्या टाक्यापासून पहिल्या आलेखापर्यंत

ताप थर्मामीटरनं कळतो, रक्तदाबाला यंत्र आहे, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडनंतर खेड्यापाड्यांतही पोचला. श्वासाचा दर मात्र अजूनही डोळ्यांनी आणि घड्याळानं मोजावा लागतो. त्यासाठी पूर्ण एक मिनिट रुग्णाच्या पोटाकडे बघत बसावं लागतं आणि गर्दीच्या दिवशी तेवढी सवड मिळत नाही. हा दर किती मोलाचा आहे हे विदर्भाला तरी नवं नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी बालकांचा न्यूमोनिया गावातच ओळखता यावा म्हणून, लिहिता-वाचता न येणाऱ्या दाईलाही वापरता येईल असं श्वास मोजायचं साधन तयार केलं होतं: वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे २ महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांच्या बाळाचा ५० किंवा जास्त आणि १ ते ५ वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल, तर तो जलद धरतात. शांत बसलेल्या प्रौढ माणसाचा दर साधारण १२ ते २० असतो.

हा लेख प्रौढांसाठीच्या अशा पट्ट्याबद्दल आहे, जो छातीला बांधला की श्वास सलग मोजत राहतो आणि सोबत हृदयाचे ठोकेही टिपतो. तो तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी, विज्ञानाच्या शिक्षकांसाठी आणि आरोग्य केंद्रांना तांत्रिक मदत करणाऱ्या मंडळींसाठी लिहिला आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. या कामात चिप आणि प्रोग्रॅम फार अडवत नाहीत, अडवतो तो कापड आणि कातडी यांच्यामधला संपर्क. म्हणून वेळेचा आणि लक्षाचा निम्म्याहून अधिक वाटा शिलाईला द्या.

आणखी एक गोष्ट पक्की ठेवा. हा पट्टा शिकण्यासाठी आणि निरीक्षणासाठी आहे. त्याच्या आकड्यावरून कुणाला औषध द्यायचं नाही, आणि आकडा चांगला आला म्हणून दवाखान्यात न्यायचं टाळायचंही नाही.

नेमकं काय मोजतो

शरीरातून अतिशय क्षीण, उलटसुलट दिशेनं वाहणारा प्रवाह सोडायचा आणि त्यामुळे किती व्होल्टेज निर्माण होतं ते पाहायचं. व्होल्टेजला प्रवाहानं भागलं की इम्पीडन्स मिळतो. शरीरात मीठ मिसळलेलं पाणी आहे, म्हणून ते वीज वाहून नेतं. पण प्रत्येक पेशीभोवती पातळ पापुद्रा असतो आणि तो कपॅसिटरसारखा वागतो. कमी वारंवारतेचा प्रवाह पेशीत शिरत नाही. दुसऱ्याच्या वावरात पाय न टाकता धुऱ्याधुऱ्यानं जाणाऱ्या माणसासारखा तो पेशींबाहेरच्या द्रवातूनच वाट काढतो. वारंवारता वाढवली की पापुद्र्याचा अडथळा कमी होतो आणि प्रवाह पेशींच्या आतूनही जातो. हे वागणं समीकरणात बसवण्याचं काम केनेथ कोल यांनी १९४० च्या सुमारास केलं. त्यांचं समीकरण आजही वापरात आहे.

छातीत दोन गोष्टी सतत बदलत असतात. श्वास आत घेतला की फुप्फुसात हवा भरते. हवा वीज वाहत नाही, म्हणून छातीचा इम्पीडन्स वाढतो. श्वास सोडला की तो उतरतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला महाधमनीत रक्त उसळतं. रक्त चांगलं वाहक असल्यामुळे इम्पीडन्स किंचित घटतो. मानेपासून छातीच्या खालच्या कडेपर्यंत चार इलेक्ट्रोड लावून मोजलं तर छातीचा मूळ इम्पीडन्स २० ते ३० ओहमच्या घरात येतो. त्यात साध्या श्वासाचा बदल अर्ध्या ओहमच्या आसपास असतो आणि ठोक्याचा जेमतेम ०.१ ते ०.२ ओहम. ठोक्याच्या या बदलावरून हृदय किती रक्त फेकतं त्याचा अंदाज घेण्याची पद्धत कुबिचेक आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये ‘नासा’च्या गरजेतून मांडली. आपल्याकडे मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मंडळींनी केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांबरोबर याच तत्त्वावर हातापायांतला रक्तप्रवाह तपासायची यंत्रं विकसित केली. म्हणजे विषय नवा नाही. नवं आहे ते चिकटपट्टीच्या इलेक्ट्रोडऐवजी धुऊन पुन्हा वापरता येणारं कापड.

हिशोब करून पाहा. ४० मायक्रोअँपिअरचा प्रवाह आणि अर्ध्या ओहमचा बदल, म्हणजे मिळणारं व्होल्टेज फक्त २० मायक्रोव्होल्ट. कापड कातडीवर जरा सरकलं तर संपर्काचा विरोध शेकडो ओहमनी हलतो. अर्ध्या ओहमचा श्वास आणि शेकडो ओहमचा गोंधळ यांना वेगळं कसं काढायचं, हाच या कामाचा गाभा आहे.

त्यावरचा उपाय म्हणजे चार इलेक्ट्रोड. बाहेरच्या दोघांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोघांवर फक्त व्होल्टेज वाचायचं. व्होल्टेज वाचणाऱ्या तारांतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे त्यांच्या संपर्काचा विरोध मोजणीत येत नाही. जेलच्या इलेक्ट्रोडनं दोनांवर भागतं. कापडाला चारच हवेत. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा.

सुई हातात घेण्याआधी सुरक्षितता

यंत्र फक्त बॅटरीवर चालवा. पट्टा अंगावर असताना चार्जर लावायचा नाही, आणि भिंतीच्या सॉकेटला जोडलेल्या लॅपटॉपला यूएसबीनंही जोडायचं नाही. आपल्याकडे कित्येक घरांत आणि शाळांत अर्थिंगचा भरवसा नसतो. स्वस्त चार्जरमधून अंगाला झिणझिण्या येतात हे अनेकांनी अनुभवलं आहे. इथे तर आपण छातीवर ओले इलेक्ट्रोड लावतो आहोत. माहिती ब्लूटूथवरूनच घ्या. चार्जिंगचं सॉकेट अशा जागी बसवा की पट्टा काढल्याशिवाय तिथे पिनच घुसणार नाही.

वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या आयईसी ६०६०१-१ या मानकात रुग्णाच्या अंगातून मुद्दाम सोडलेल्या प्रवाहाला मर्यादा आहे. नेहमीच्या स्थितीत एकदिश प्रवाह १० मायक्रोअँपिअरपेक्षा कमी, आणि १ किलोहर्ट्झपर्यंतचा उलटसुलट प्रवाह १०० मायक्रोअँपिअरच्या आत. वारंवारता वाढेल तशी ही मर्यादा सैल होते, कारण तेवढ्या वेगाच्या प्रवाहानं स्नायू आणि नसा उद्दीपित होत नाहीत. आपल्याला त्या सवलतीची गरज नाही. ४० ते ८० किलोहर्ट्झ आणि ३० ते ५० मायक्रोअँपिअर एवढ्यात काम भागतं.

प्रवाहाच्या दोन्ही तारांत प्रत्येकी एक सिरॅमिक कपॅसिटर हवाच, ४७ नॅनोफॅरॅडचा चालतो. एखादा बिघडून आरपार झाला तरी दुसरा एकदिश प्रवाह अडवून धरतो. मग अंगाऐवजी १ किलो-ओहमचा रेझिस्टर जोडून ऑसिलोस्कोपवर बघा. १०० मिलिव्होल्ट दिसले तर प्रवाह १०० मायक्रोअँपिअर, ४० दिसले तर ४०. साधा मल्टिमीटर एवढ्या वारंवारतेला खोटा आकडा दाखवतो, त्यावर विसंबू नका. एकदिश व्होल्टेज मात्र मल्टिमीटरवर तपासता येतं. त्याच १ किलो-ओहमवर ते शून्याला लागून असलं पाहिजे. १० मिलिव्होल्ट म्हणजे १० मायक्रोअँपिअर, आणि तिथे आपण थांबायचं.

पेसमेकर किंवा अंगात बसवलेलं कुठलंही विद्युत यंत्र असलेल्या माणसाला हा पट्टा लावायचाच नाही. काही पेसमेकर स्वतःच छातीचा इम्पीडन्स मोजून ठोक्यांचा वेग ठरवतात, बाहेरच्या प्रवाहानं ते फसू शकतात. गरोदर बाई, लहान मुलं, छातीवर जखम किंवा पुरळ असलेली माणसं, यांनाही नाही. स्वतःवर आणि प्रयोगातल्या सोबत्यांवर चाचणी झाली की त्यापुढे गावातल्या लोकांकडे जाण्याआधी संस्थेच्या नीती समितीची लेखी परवानगी घ्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी वाचून काढा. समिती नसेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाला विचारा. विदर्भात सेवाग्राम, नागपूर, यवतमाळ, अकोला अशी बरीच ठिकाणं आहेत.

चिप कोणती

इथे फार घोळ घालायचं कारण नाही. मॅक्स ३०००१ या चिपमध्ये ईसीजी आणि बायोइम्पीडन्स दोन्ही आहेत. प्रवाह सोडायच्या आणि व्होल्टेज वाचायच्या पिना वेगळ्या आहेत, आणि प्रवाह ८ ते ९६ मायक्रोअँपिअरमध्ये निवडता येतो. चार इलेक्ट्रोडसाठी ती सोयीची. एडीएस १२९२आर हीसुद्धा श्वास आणि ईसीजी मोजते, २४ बिटांची आहे आणि तिचे तयार बोर्ड भारतात मिळतात. मात्र तयार बोर्ड घेताना त्याचा नकाशा आधी बघा. पुष्कळ बोर्डांवर प्रवाहाची आणि व्होल्टेजची वाट बोर्डावरच एकत्र जोडलेली असते, म्हणजे तो दोन इलेक्ट्रोडचा बोर्ड झाला. तो जोड तोडून चार तारा वेगळ्या काढता येतील असाच बोर्ड घ्या.

एडी ५९३३ ही चिप स्वस्त आणि प्रसिद्ध आहे, म्हणून विद्यार्थी हमखास तिच्याकडे जातात. ती दोन टोकांची आहे आणि तिच्या आउटपुटवर एकदिश व्होल्टेज असतं. पुढे वेगळं सर्किट न लावता ती थेट अंगाला जोडू नका.

चिपसोबत ईएसपी ३२ बोर्ड (ब्लूटूथ असलेला मायक्रोकंट्रोलर), संरक्षण-सर्किट असलेला लिथियम सेल आणि हालचाल कळण्यासाठी एक ॲक्सेलरोमीटर घ्या. ॲक्सेलरोमीटर पर्यायी समजू नका, तो का हवा ते पुढे येईल.

कापड निवडणं

चांदीचा मुलामा दिलेलं नायलॉनचं विणलेलं कापड ऑनलाइन मिळतं. ताणलं जाणारं, बनियनसारख्या विणीचं घ्या. हातात आल्यावर १० सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर रुंद पट्टी कापून दोन टोकांमधला विरोध मोजा. काही ओहमच्या आत असला पाहिजे. मग ती ताणून पुन्हा मोजा. ताणल्यावर आकडा उड्या मारत असेल तर ते कापड इलेक्ट्रोडसाठी ठेवू नका.

मोबाइलच्या लहरी अडवण्यासाठी विकतात ते तांबं-निकेलचं चकचकीत कापड स्वस्त पडतं. ते कातडीला लावू नये. निकेलची ॲलर्जी अनेकांना असते आणि घामानं तांबं हिरवं पडतं. पोलादी तंतूंचं कापड टिकाऊ असतं, धुण्यानं खराब होत नाही, पण कोरडं असताना संपर्क कमी देतं.

भंडाऱ्याकडच्या कोशाच्या साड्यांची जर वापरता येईल का, हा प्रश्न तिकडचे विद्यार्थी विचारतात आणि प्रश्न योग्य आहे. बाजारातली बरीचशी जर म्हणजे एकतर तांब्यावर चांदीचा पातळ थर आणि वर चमक टिकवायला लाख, नाहीतर प्लॅस्टिकच्या फिल्मवर धातूचा लेप. पहिल्यात वरचा थर वीज अडवतो आणि तो झिजला की तांबं उघडं पडतं. दुसऱ्यात भरवशाचं वहन नसतं. जर नको.

सुती कापडाबद्दल थोडं सविस्तर. कापसाच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला सुती पट्टाच सुचणार, अंगालाही तो सुखाचा. पण सूत घाम शोषून धरतं. दोन इलेक्ट्रोडच्या मधलं सूत खाऱ्या घामानं भिजलं की प्रवाहाला शरीर टाळून पट्ट्यातूनच जायची वाट मिळते. मग श्वासाचा आलेख हळूहळू बुटका होत जातो आणि दोष चिपचा वाटतो. म्हणून इलेक्ट्रोडांच्या मधला पट्टा पॉलिएस्टर किंवा नायलॉनच्या इलॅस्टिकचाच ठेवा. सूत वापरायचं ते फक्त इलेक्ट्रोडच्या पाठीमागे, ओल धरून ठेवायला.

शिलाई

शिंप्याकडे जाताना कागदावर मापं काढून न्या आणि एक तुकडा स्वतः शिवून दाखवा. एकदा हेतू कळला की तो तुमच्यापेक्षा चांगले मार्ग सुचवतो.

प्रवाहाचे दोन इलेक्ट्रोड ३ बाय ६ सेंटिमीटरचे आणि व्होल्टेजचे दोन ३ बाय ३ चे कापा. प्रत्येकाला एका बाजूनं २ सेंटिमीटरची शेपटी ठेवा. आतून बाहेर थर असे येतील: कातडीला लागणारं चांदीचं कापड, त्यामागे पातळ सुती फ्लॅनेलचा त्याच मापाचा तुकडा, त्यामागे पाणी न शोषणाऱ्या फोमचा ४ ते ५ मिलिमीटर जाड तुकडा, आणि मग इलॅस्टिक. फोममुळे इलेक्ट्रोड पट्ट्याच्या पातळीपेक्षा वर उठून कातडीवर सारखा दाबला जातो. हा थर गाळला तर बरगड्यांच्या मधल्या खोलगट भागात कापड अधांतरी राहतं, विशेषतः सडपातळ माणसांत.

काठ साध्या पॉलिएस्टर दोऱ्यानं बारीक टाक्यात शिवा. शेपटी इलॅस्टिकला बारीक चीर देऊन बाहेरच्या बाजूला काढा आणि तिथे धातूचं टिचबटण ठोका. बटणाचा धातू कातडीला लागता कामा नये. दोन वेगळे धातू घामात आले की स्वतःचंच व्होल्टेज तयार करतात आणि ईसीजीची रेघ भटकते. शिंप्याकडची टिचबटणं ईसीजीच्या तारांच्या टोपीत बसतातच असं नाही, तेव्हा तार आधी हातात असू द्या आणि तिच्या मापाचं बटण आणा.

या कापडाला सोल्डर करू नका. इस्त्रीसारखी गरम सोल्डरिंग गन लागताच नायलॉन वितळतं. बटण ठोकणं किंवा चांदीच्या दोऱ्यानं शिवणं हेच दोन मार्ग.

पट्ट्याची रुंदी ५ सेंटिमीटर आणि लांबी छातीच्या घेरापेक्षा साधारण दहावा भाग कमी ठेवा. पुढे-मागे करता येईल असं बक्कल लावा. बांधल्यावर दोन बोटं जेमतेम आत जावीत. श्वास घेताना माणसाला अडखळल्यासारखं वाटलं तर पट्टा घट्ट आहे. ढिला पट्टा वाईट सिग्नल देतो, पण फार घट्ट पट्टा श्वासच बदलून टाकतो आणि मग मोजणीला अर्थ उरत नाही.

प्रवाहाचे इलेक्ट्रोड दोन्ही बगलांखाली, काखेच्या मध्यातून सरळ खाली येणाऱ्या रेषेवर येतील असे बसवा. व्होल्टेजचे त्यांच्यापासून ४ ते ५ सेंटिमीटर आत, छातीच्या पुढच्या बाजूला. उंची छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाइतकी. बायकांसाठी पट्टा स्तनांच्या लगेच खाली बसतो. व्होल्टेजच्याच जोडीवरून ईसीजीही घेता येतो. त्यात निदानाला लागणारे तपशील नसतात, ठोके मोजायला पुरेसे उंच टोक मिळतं.

अंगाला लावण्याआधी टेबलावर चाचणी

ही पायरी ओलांडून कुणीही पुढे जाऊ नये. रेझिस्टर १ टक्का अचूकतेचे घ्या. शरीर म्हणून २२ ओहमचा एक, आणि चारही तारांत संपर्क म्हणून ४७० ओहमचा एकेक. यंत्रानं २२ दाखवलं पाहिजे. आता चारही ४७० काढून १ किलो-ओहम लावा, मग २.२ किलो-ओहम. आकडा २२ च्या जवळच राहिला तर चार इलेक्ट्रोडची रचना खरोखर काम करते आहे. नंतर मुद्दाम विषमता आणा: एका व्होल्टेजच्या तारेत ४७०, दुसरीत २.२ किलो-ओहम. इथे आकडा ढळू लागला तर तारांची लांबी कमी करा. लांब तारांची भटकी कपॅसिटन्स (तारा जवळ असल्यानं आपोआप तयार होणारी, नको असलेली कपॅसिटन्स) आणि असमान संपर्क मिळून वरच्या वारंवारतेला मोजणी वाकवतात. स्वीडनमधल्या बोरोस या कापडगिरण्यांच्या जुन्या गावातल्या विद्यापीठात फर्नांदो सेओआने आणि सहकाऱ्यांनी कापडी इलेक्ट्रोडवर बराच अभ्यास केला आहे, आणि भटक्या कपॅसिटन्सचा हा त्रास त्या क्षेत्रातल्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे.

आता खोटा श्वास तयार करा. २२ ओहमला समांतर १ किलो-ओहमचा रेझिस्टर एका दाबायच्या बटणातून जोडा. बटण दाबलं की २२ चे २१.५३ होतात, म्हणजे सुमारे अर्ध्या ओहमचा बदल. घड्याळाकडे बघत दर ४ सेकंदांनी दाबा-सोडा, पडद्यावर मिनिटाला १५ श्वास यायला हवेत. १ किलोऐवजी ४.७ किलो-ओहम लावला की बदल ०.१ ओहमचा होतो, म्हणजे ठोक्याइतका. तोही आलेखात दिसला तर तुमचं सर्किट पुरेसं शांत आहे.

पेशींसारखं वागणारं सर्किट हवं असेल तर ४७ ओहमला समांतर, ३३ ओहम आणि ४७ नॅनोफॅरॅड एकामागे एक जोडून लावा. कमी वारंवारतेला ते ४७ ओहम दाखवतं, खूप वरच्या वारंवारतेला १९ च्या जवळ, आणि ४० किलोहर्ट्झला सुमारे ३७.

अंगावर

लावण्याआधी कातडी ओल्या फडक्यानं पुसा. तेल, बाम, पावडर असेल तर साबणाच्या फडक्यानं काढा. तेलाचा पातळ थरही संपर्क बिघडवतो. छातीवरचे केस काढायची गरज नाही, तिथे ओल जरा जास्त द्या.

कोरडं कापड कोरड्या कातडीवर नीट चालत नाही. अनेक लेखांत ‘थोडं पाणी लावा’ एवढंच सांगितलेलं असतं. दमट हवेत ते पुरतं. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर ४५ अंशांपलीकडे जातात आणि हवा कोरडीठाक असते. तिथे नुसतं पाणी बघता बघता उडून जातं. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून द्रावण करा आणि इलेक्ट्रोडमागचं फ्लॅनेल त्यानं भिजवून पिळा. टपकता कामा नये. सलग तासाभराची नोंद घ्यायची असेल तर ईसीजी जेलचा पातळ हात कापडावर फिरवा. पावसाळ्यात, विशेषतः रोवणीच्या दिवसांत गोंदिया-भंडाऱ्याकडे, उलट अडचण येते: घाम सुकत नाही आणि इलेक्ट्रोडांच्या मधली कातडीच ओली राहते. मधून मधून पट्टा काढून पुसा.

बांधल्यावर ५ ते १० मिनिटं काही नोंदवू नका. या काळात मूळ इम्पीडन्स सरकत राहतो, मग स्थिरावतो.

लोकांच्या मनातली भीती खरी असते, तिला उत्तर द्या. “याच्यातून करंट त नाही लागणार न?” हे कुठलेही काकाजी विचारतातच. बॅटरी उघडून दाखवा, आधी स्वतःला बांधून दाखवा, मग त्यांची मर्जी. बायकांना पट्टा बाईनंच, आडोशाच्या खोलीत बांधायचा. आशाताई सोबत असल्या तर संकोच कमी होतो.

पहिल्या चाचणीचा क्रम: खुर्चीवर शांत बसून २ मिनिटं, मग पाच खोल श्वास, मग झेपेल तेवढा, १० ते १५ सेकंद, श्वास रोखणं, मग मोठ्यानं काही वाचणं, मग उठून चार पावलं चालणं. श्वास रोखला की मोठी लाट थांबते आणि सपाट रेघेवर ठोक्यांच्या बारीक लहरी दिसू लागतात. त्या दिसल्या म्हणजे संपर्क उत्तम आहे. बोलताना लाट वेडीवाकडी होणं आणि चालताना ती हरवणं अपेक्षितच आहे.

आलेखापासून आकड्यापर्यंत

इम्पीडन्सच्या सेकंदाला २५ ते ६४ नोंदी पुरेशा. प्रौढांच्या श्वासासाठी ०.१ ते ०.७ हर्ट्झचा बँडपास फिल्टर लावा, म्हणजे मिनिटाला ६ ते ४२ श्वास त्यात बसतात. शिखरं मोजा. दोन शिखरांत किमान अंतर आणि किमान उंची ठरवा. ही उंची ठोकळ आकड्यानं ठरवू नका, मागच्या अर्ध्या मिनिटातल्या लाटांच्या सरासरी उंचीचा तिसरा भाग धरा. माणसागणिक लाट वेगळी असते.

ॲक्सेलरोमीटर इथे उपयोगी पडतो. हालचाल ठरावीक हद्दीपलीकडे गेली की त्या तुकड्यातली मोजणी टाकून द्या आणि पडद्यावर ‘मोजता आलं नाही’ असं लिहा. रिकामी जागा अंदाजानं भरणं हा या प्रकारच्या यंत्रांतला सर्वांत घातक दोष आहे, कारण चुकीचा नीटनेटका आकडा बघणाऱ्याला खरा वाटतो. ठोके इम्पीडन्सच्या लहरींवरून न मोजता ईसीजीच्या टोकांवरून मोजा. श्वासाच्या लाटेच्या पटीतल्या वारंवारता ठोक्यांच्या पट्ट्यात येऊन पडतात आणि फसवतात.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा. घसा अडकून हवा आत जात नसली तरी छाती हलत राहते आणि पट्टा श्वास चालू असल्याचंच दाखवतो. छातीचं हलणं आणि हवेचं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पडताळणीसाठी एक जण पडद्याकडे पाठ करून, पूर्ण ६० सेकंद, पोटाकडे बघून श्वास मोजेल. ३० सेकंद मोजून दुप्पट करणं नको. मोजतो आहे हे समोरच्याला सांगू नका, सांगितलं की श्वास बदलतो. पूर्वसंमती घेताना ‘काही वेळा न सांगता मोजू’ एवढं सांगून ठेवा. मग प्रत्येक जोडीतला फरक त्या जोडीच्या सरासरीसमोर मांडा. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांची ही रीत नुसत्या सहसंबंधाच्या आकड्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक चित्र देते. फरक कुणाच्या बाबतीत मोठा येतो ते बघा: स्थूल माणसं, फार सडपातळ माणसं, पाठीवर झोपलेली माणसं. दुरुस्ती बहुतेक वेळा पट्ट्याच्या जागेत आणि दाबात सापडते.

बिघाड शोधताना

रेघ सपाट आणि आकडा प्रचंड असेल तर प्रवाहाचा एखादा इलेक्ट्रोड सुटला आहे, नाहीतर सुकला आहे. रेघ जाड आणि केसाळ दिसली तर ५० हर्ट्झची घुसखोरी, तेव्हा पंखा, कूलर, मोटारपंपाच्या वायरपासून दूर बसा आणि तारा पिळून एकत्र बांधा. तासाभरात लाट बुटकी होत गेली तर मधला पट्टा घामानं भिजला आहे. शेतातल्या घरात अगदी नियमित, साधारण सेकंदाला एक अशी टोकं दिसली तर ते ठोके समजण्याआधी रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेली झटका मशीन जवळ चालू आहे का ते बघा. तिचे झटके साधारण त्याच गतीनं येतात. नाडीवर बोट ठेवून ताळा घ्या.

धुणं आणि जपणं

यंत्र बटणांवरून काढा. पट्टा कोमट पाण्यात सौम्य साबणानं हातानं धुवा. ब्लीच, कापड मऊ करणारं द्रव्य आणि ब्रश टाळा, पिळू नका, सावलीत पसरून वाळवा. अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात शेवटचं खळबळणं आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात करा. बोअरच्या खाऱ्या पाण्याचे क्षार इलॅस्टिकमध्ये राहतात आणि पुढच्या वेळी ओल लागली की तेच आडवाट तयार करतात. चांदी काळवंडली म्हणजे ती गेलीच असं नाही. रबराच्या वस्तूंतल्या गंधकानंही ती काळी पडते, म्हणून पट्टा बंद पिशवीत वेगळा ठेवा. दोन माणसांत एक पट्टा न धुता वापरू नका. लिथियम सेल टिनाच्या छताखाली उन्हाळ्यात ठेवू नका.

प्रत्येक धुण्यानंतर चारही इलेक्ट्रोडचा कोपऱ्यापासून बटणापर्यंतचा विरोध मल्टिमीटरनं मोजून वहीत लिहा. रकाने एवढेच: तारीख, इलेक्ट्रोड क्रमांक, विरोध, कापड काळवंडलं का, शिवण उसवली का. नव्या असतानाच्या आकड्याच्या पाचपट झाला, किंवा चारांपैकी एक बाकीच्यांपेक्षा फारच पुढे गेला, की तेवढा इलेक्ट्रोड उसवून नवा शिवून घ्या. म्हणून चौघे सुटे शिवलेले बरे, आणि मापांचा तो कागद शिंप्याकडेच राहू द्या.